गावच्या पुजाऱ्याचा क्लास

दर रविवारी दुपारी पुंडलिकनगरातल्या माझ्या फ्लॅटवर आम्ही चार जण जमतो आणि राक्षस मारतो. माझं वय पस्तिशीच्या पुढं गेलं आहे, लग्न झालेलं नाही, आणि या दोन्ही गोष्टींचं खापर नातेवाईक त्या राक्षसांवर फोडतात. फोडू देत. आठवडाभर वाळूजच्या कारखान्यात इतरांनी बनवलेल्या भागांमधल्या चुका शोधायच्या आणि रविवारी स्वतःचं एक जग चालवायचं, यात मला तरी काही वेडेपणा दिसत नाही.

ज्यांना हा खेळ माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. पट नाही, सोंगट्या नाहीत. कागद, पेन्सिल, फासे आणि बोलणं. तिघं खेळतात, प्रत्येकाचं एक पात्र असतं. चौथा मी. बाकीचं सगळं जग माझ्याकडे: डोंगर, चोर, राजे, सरायवाला, त्याची म्हैससुद्धा. प्रत्येक पात्राला एक क्लास असतो. म्हणजे तो लढवय्या आहे, चोर आहे की जादूगार, आणि त्यामुळे त्याला काय जमतं आणि काय जमत नाही. एखादी गोष्ट जमेल की नाही अशी शंका असली की वीस बाजूंचा फासा टाकायचा. आकडा मोठा आला तर जमलं.

लढवय्ये सोपे, चोर त्याहून सोपे. मी अडतो ते पुजाऱ्यांपाशी. पुस्तकात पुजाऱ्यांसाठी क्लेरिक नावाचा क्लास आहे. देवाच्या कृपेनं तो जखमेवर हात ठेवतो आणि जखम भरते, विष उतरतं, वरच्या पायरीला पोचला तर मेलेला माणूसही उठून बसतो. एखाद्या मोठ्या मठाच्या महंताला हा क्लास दिला तर माझी हरकत नाही. पण गावोगावच्या साध्या पुजाऱ्यांचं काय करायचं? सकाळी देवाला पाणी घालणारा, आरती करणारा, नारळ फोडून अर्धा परत देणारा माणूस. त्यालाही क्लेरिक केलं तर त्या जगात तापानं मरतं कोण? आणि त्याला काहीच दिलं नाही, नुसता साधा माणूस ठेवला, तर लोक त्याच्या पाया का पडतात?

हा प्रश्न इतर खेळ चालवणाऱ्यांना पडत नसावा. मला पडतो, कारण माझे वडील तेच आहेत. बिडकीनच्या पलीकडं आमचं गाव. गावात भैरवनाथाचं देऊळ, आणि त्या देवळाचे आम्ही गुरव. पिढ्यान् पिढ्या. आमच्याकडं क्लास निवडायचा प्रश्नच नव्हता. जन्माला आलं की हातात तांब्या यायचा. मी तो खाली ठेवला आणि डिप्लोमाला आलो. आबांनी अडवलं नाही. सुट्टीत गेलो की फक्त विचारायचे, जेवण नीट मिळतं का.

खेळणाऱ्या तिघांपैकी एक माझ्याच कारखान्यातला, एक संगणक दुरुस्तीचं दुकान चालवणारा, आणि तिसरी वकील. ती माझी कॉलेजपासूनची मैत्रीण. बौद्ध घरातली. तिच्या आजोबांना वैजापूरकडच्या त्यांच्या गावात देवळाच्या पायरीपुढं येऊ देत नसत, हे तिनं मला पहिल्याच वर्षी सांगितलं होतं. वर हसत म्हणाली होती की अडवणारा तुझ्याच आजोबांसारखा कुणी असणार. मला त्यावर बोलता आलं नाही, कारण ते अगदी शक्य होतं. तेव्हापासून आमची मैत्री टिकली आहे ती मी गप्प बसलो म्हणून, असं ती म्हणते. खेळात ती कायम लढवय्यी असते आणि सगळ्यात आधी दार तोडते.

गेल्या हिवाळ्यात आबांना देवाच्या अंघोळीचं पाणी शेंदताना छातीत कळ आली. विहिरीच्या कठड्यावर तसेच बसून राहिले आणि कळ थांबल्यावर देवाला अंघोळ घालून मगच घरी आले. आईनं मला फोन केला. बिडकीनच्या डॉक्टरांनी ईसीजीची पट्टी काढली आणि शहरात न्या म्हणून सांगितलं. मी आबांना घेऊन आलो. तपासणी सोमवारी होती, म्हणून शनिवारी संध्याकाळी ते माझ्या फ्लॅटवर आले आणि रविवार मध्ये आला.

मी खेळ रद्द करणार होतो. आबाच म्हणाले, तुमचं चालू द्या, मी पडून राहतो. पण ते पडून राहिले नाहीत. दिवाणावर भिंतीला टेकून बसले आणि आम्ही काय करतोय ते बघत राहिले. सुरुवातीला मला लाज वाटत होती. मोठी कर्ती माणसं राक्षसांच्या नावानं ओरडतायत आणि समोर माझा बाप. तासाभरानं मी ते विसरलो.

त्या दिवशी कथेत असं झालं होतं की दुकानवाल्याच्या पात्राला विषारी बाण लागला होता आणि बाकी दोघं त्याला उचलून एका खेड्यातल्या देवळात घेऊन आले होते. देवळात एक म्हातारा पुजारी होता. दुकानवाला म्हणाला, झालं, आता पुजारी हात ठेवेल आणि विष उतरेल. मी म्हणालो की नाही उतरणार. हा साधा पुजारी आहे. याच्याकडं मंत्र नाहीत, शक्ती नाही. फार तर पाणी देईल आणि झोपायला जागा देईल.

मग वाद पेटला. दुकानवाल्यानं पुस्तक काढून दाखवलं. कारखान्यातला म्हणाला, अर्धी शक्ती तरी दे, बिचारा म्हातारा आहे. वकीलबाई मात्र माझ्या बाजूनं. ती म्हणाली की साध्या पुजाऱ्याला शक्ती दिली की खेळ खोटा होतो, कारण मग पायरीवर अडवलेल्या माणसाला वाटायला लागतं की आत खरंच काहीतरी होतं. ती हे नेहमीच्या कोर्टातल्या आवाजात म्हणाली. दिवाणावर कोण बसलं आहे हे तिला बोलून झाल्यावर आठवलं असावं, कारण ती एकदम फासे गोळा करायला लागली.

आबांनी तिच्याकडं नाही, माझ्याकडं बघितलं.

"त्याच्याकडं काहीच नाय म्हणतो," ते म्हणाले. "मंग लोकं त्याच्याकडं कामून येतेत?"

माझ्या डोक्यात खेळ होता. पुढं जायची घाई होती.

"सवय, आबा," मी म्हणालो. "दुसरं काय."

आबांनी मान हलवली आणि पाय पोटाशी घेऊन ते आडवे झाले. आम्ही पुढं खेळलो. दुकानवाल्याचं पात्र फाशावर मोठा आकडा आल्यामुळं वाचलं, आणि सगळ्यांनी मिळून आनंद साजरा केला. संध्याकाळी आबा अर्धीच भाकरी खाऊन उठले. मी समजलो, छातीत दुखतंय.

सोमवारी तपासणी झाली. तीन ठिकाणी अडथळे होते. डॉक्टर तरुण होते, नीट समजावून सांगणारे. ते म्हणाले की जाळी घालून भागण्यासारखं नाही, बायपास करावी लागेल, आणि लवकर केलेली बरी. पैशांची अडचण नव्हती, सरकारी योजनेत बसत होतं. मी लगेच तारीख विचारली. आबा खुर्चीत बसून सगळं ऐकत होते. डॉक्टरांचं बोलणं संपल्यावर त्यांनी हात जोडले, उठले आणि दाराकडं चालायला लागले. मी मागून गेलो. जिन्यापाशी ते थांबले.

"भैरोबाला इचारतो," ते म्हणाले. "उजवा दिला तर येतो."

"आणि डावा दिला तर?"

"तर नाय."

आमच्या देवळात कौल लागतो. भैरोबाची मूर्ती पुरुषभर उंच, अंगावर तेलात कालवलेल्या शेंदराचे थरावर थर. ज्याला काही विचारायचं असेल तो आधी सांगून ठेवतो. सकाळी पूजा झाली की गुरव विचारणाऱ्याचं साकडं देवाच्या कानावर घालतो आणि देवाच्या दोन खांद्यांवर कण्हेरीच्या दोन ओल्या कळ्या लावतो. मग सगळे वाट बघत बसतात. उजव्या खांद्यावरची कळी आधी पडली तर देवाचा होकार, डावी पडली तर नकार. लोक लग्नाचं विचारतात, विहिरीचं विचारतात, पोरानं पुण्याला जावं का ते विचारतात. आणि कौल आला की तो पाळतात. मोडल्याचं मी ऐकलेलं नाही.

त्या जिन्यात मी आबांशी भांडलो. आवाज चढवला. माणसं बघत होती. मी म्हणालो की फुलाच्या कळीला तुमच्या नसा कशा कळणार, डॉक्टरांनी फोटो दाखवला ना डोळ्यांसमोर. आबा कठड्याला धरून उभे राहिले आणि मी थांबेपर्यंत थांबले. मग म्हणाले, तुला सवय वाटती, मला नाय वाटत. तेव्हा मला कळलं की रविवारचं माझं उत्तर त्यांच्या मनात बसलं होतं. एका खेळातल्या म्हाताऱ्याला मी सहज काहीही न देता मोकळा झालो होतो, आणि माझ्या बापानं ते स्वतःवर घेतलं होतं. का घेऊ नये? तो म्हातारा मी दुसऱ्या कुणाकडं बघून बनवला होता?

मला राग फक्त त्यांच्या हट्टाचा नव्हता. मला जे माहीत होतं त्याचा होता.

लहानपणी मी आबांच्या मागं तांब्या घेऊन उभा असायचो. आबांचा उजवा अंगठा शेंदरी असायचा. शेंदूर लावताना सगळाच हात रंगतो, तो धुतला की जातो. पण कधी कधी कौलाच्या दिवशी, हात धुऊन झाल्यावरसुद्धा, फक्त अंगठ्याचं टोक शेंदरी दिसायचं. मग मी नीट बघायला लागलो. बहुतेक वेळा आबा दोन्ही कळ्या सारख्याच हलक्या हातानं ठेवायचे. पण काही लोकांच्या वेळी एक कळी ते अंगठ्यानं दाबायचे. अगदी थोडी, शेंदराच्या ओल्या थरात रुतेल इतकी. ती कळी मग लवकर पडायची नाही. दुसरी पडायची.

गावातली एक बाई विचारायला आली होती, नवरा दारू पिऊन मारतो, माहेरी निघून जाऊ का. आबांनी डावी कळी दाबली. उजवी पडली. ती त्याच दिवशी पोरं घेऊन गेली आणि तिच्या सासऱ्यालाही काही बोलता आलं नाही, कारण कौल देवाचा होता. एकाला पोराचा ताप मांत्रिकाकडून उतरवायचा होता, तेव्हा आबांनी उजवी दाबली. बैल विकू का, छपराचं दार कुठल्या तोंडाला करू, अशा प्रश्नांना मात्र ते हात लावत नसत. ते देवाला सोडून द्यायचे. मी हे कधी आईलाही सांगितलं नाही. आबांना तर नाहीच नाही. पण मोठं होताना मला एवढं पक्कं वाटत होतं की माझ्या बापाला हे सगळं काय आहे ते माहीत आहे. त्यांच्या मनात काही भ्रम नाही, ते लोकांच्या भल्यासाठी हात चालवतात. माझ्या जगातल्या साध्या पुजाऱ्यांना मी शक्ती देत नसे, पण माणसं ओळखण्याचं कसब भरपूर देत असे. ते आबांवरूनच.

आणि आता हाच माणूस स्वतःच्या जिवाचा प्रश्न त्या दोन कळ्यांवर ठेवत होता. मला काही केल्या जुळेना. ज्यानं आयुष्यभर अंगठ्यानं कौल फिरवला त्याला ठाऊक असायला हवं की तिथं कुणी नाही. आणि तिथं कुणी आहे असं वाटत असेल, तर अंगठा कसा धजावला?

गाडीतून गावी परतताना मी मनाशी म्हणत होतो, ठीक आहे, स्वतःचीही कळी दाबतील आणि उजवा घेऊन येतील. घरी गेल्यावर आईनं ती आशाही घालवली. गुरवाला स्वतःचा कौल स्वतःच्या हातानं लावता येत नाही. घरातल्या दुसऱ्या गुरवानं लावायचा. आधी चुलते होते, ते पुण्याला मुलाकडं गेले आणि आता अंथरुणाला खिळले आहेत. राहिलो मी. गुरुवारची पूजा तुला करायची आहे, आबा मला म्हणाले, जणू दळण आणायला सांगावं तसं.

मधल्या दिवशी कारखान्यात तोंड दाखवायला शहरात आलो आणि कोर्टासमोरच्या चहाच्या गाड्यावर वकीलबाईला गाठलं. तिला सगळं सांगितलं. अंगठ्याचंही. आयुष्यात पहिल्यांदा कुणाला तरी सांगितलं, आणि ते तिला, जिच्या आजोबांना त्या खांद्यांपर्यंत पोचायची मुभा नव्हती. मला वाटलं ती हसेल, नाहीतर चिडेल. तिनं चहाचा ग्लास खाली ठेवला. म्हणाली की रविवारी काका तिथं बसलेले असताना आपण तसं बोलायला नको होतं. मी म्हणालो, तू खरं तेच बोललीस. ती म्हणाली, हो, खरं तेच बोलले, म्हणून तर.

मग मी तिला माझी अडचण सांगितली. कळी दाबावी, तर मी माझ्या बापाला त्याच्या देवासमोर फसवतो. न दाबावी, तर त्याचा जीव मी नाणं उडवून ठरवतो.

"त्यांच्याकडं शक्ती आहे का नाही, ते मला माहीत नाही," ती म्हणाली. "तीन ब्लॉकेज आहेत हे माहीत आहे. दाब."

गुरुवारी सकाळी मी विहिरीवर अंघोळ केली आणि ओलेत्यानं देवळात गेलो. थंडीनं दात वाजत होते. गाभाऱ्यात तोच वास, तेलाचा आणि जुन्या फुलांचा. हात आपोआप कामाला लागतील असं मला वाटलं होतं, पण काही आठवेना. आधी पाणी की आधी शेंदूर, कापूर कुठं ठेवतात, घंटा कधी. आबा उंबऱ्याबाहेर मांडी घालून बसले होते आणि हळू आवाजात एकेक गोष्ट सांगत होते, आणि मी तसं तसं करत होतो. त्यांच्या शेजारी आई. गावातलं कुणी नव्हतं. आबांनी कुणाला सांगितलं नव्हतं.

नवा शेंदूर लावून झाला. आबांनी माझ्या हातात दोन कळ्या दिल्या. मग डोळे मिटून त्यांनी साकडं घातलं. एरवी दुसऱ्यांचं साकडं ते मोठ्यानं घालायचे, शेवटच्या माणसाला ऐकू जाईल असं. हे त्यांनी ओठांतल्या ओठांत घातलं. मला एकच वाक्य ऐकू आलं. ते म्हणत होते की माझं मला काही कळंना झालंय.

मी देवासमोर उभा होतो. छाती अशी धडधडत होती की आजारी कोण आहे असा प्रश्न पडावा. उजवी पडायला हवी, म्हणजे डावी दाबायची, एवढं मी विहिरीपासून घोकत आलो होतो. डाव्या बाजूची कळी लावली आणि अंगठा रुतवला. हाताला अंदाज नव्हता, जरा जास्तच दाबलं गेलं, एक पाकळी चुरगळली. उजव्या बाजूची कळी नुसती टेकवली. मग मागं सरून हात जोडून उभा राहिलो.

फार वेळ लागला नाही. उजव्या बाजूची कळी घसरली, मूर्तीच्या कोपराला लागली आणि खाली पायांशी पडली. मला हसूच फुटलं. वळून आईकडं बघितलं. आईनं पदर तोंडात घातला होता आणि तिच्या डोळ्यांतून पाणी येत होतं. ते आनंदाचं नव्हतं. क्षणभर मला कळेचना हिला काय झालं. आणि मग कळलं.

देव आपल्याकडं तोंड करून उभा असतो. माझा उजवा हात ती देवाची डावी बाजू. उजवा खांदा म्हणजे देवाचा उजवा. हे आमच्या घरातल्या लेकराला चालता येण्याआधी कळतं. आणि मी, दिवसभर दुसऱ्यांच्या चुका शोधायचा पगार घेणारा माणूस, स्वतःच्या डाव्या-उजव्यानं कळ्या लावून बसलो होतो. देवाचा उजवा खांदा मी माझ्या अंगठ्यानं बंद केला होता. कौल डावा आला होता, आणि तो मी आणला होता.

बोलायचं होतं, पण काय बोलणार? आबा, हे खरं धरू नका, मी फसवत होतो, फक्त उलटं फसवलं? तसं म्हटलं की मागोमाग सगळंच येणार होतं, ती माहेरी गेलेली बाई, तो तापातला पोरगा, सगळे कौल. आईसमोर, देवळात.

आबा उठले. उंबरा ओलांडून आत आले, मूर्तीजवळ गेले आणि वर राहिलेली कळी बघितली. तिची चुरगळलेली पाकळी बघितली, शेंदरात पडलेला खळगा बघितला. मग माझ्या जोडलेल्या हातांकडं बघितलं. माझ्या लक्षात आलं तेव्हा उशीर झाला होता. अंगठा शेंदरी होता.

मला वाटलं, आता मारतील. लहानपणी एकदाच मारलं होतं, देवळात चपला घालून आलो म्हणून.

ते आईकडं वळले. "यानं लावायचं चुकवलं," ते म्हणाले. "कौल उजवा हाय. रडू नको."

आई काही विचारणार होती, पण त्यांनी हातानंच तिला प्रसादाचं बघायला पाठवलं. मग माझ्यासमोर आले. माझा हात त्यांनी हातात घेतला, खांद्यावरच्या उपरण्याचा कोपरा ओढला आणि माझा अंगठा पुसायला लागले. नखाच्या कडेचा शेंदूर निघत नव्हता, तो त्यांनी घासून काढला.

"हे लगीच पुसायचं असतं," ते म्हणाले. "लोकं बघतेत."

मला रडू आलं. मी त्यांच्या खांद्याला डोकं लावून रडलो, ओल्या अंगानं, आणि ते मला बाजूला करत म्हणाले की मला ओलं करू नको, सर्दी झाली तर तुझा डॉक्टर ओरडंल.

ऑपरेशन झालं. नीट झालं. आबा महिनाभर पुंडलिकनगरात माझ्याकडं राहिले. वकीलबाई एका संध्याकाळी त्यांना बघायला आली आणि त्यांच्यासाठी बिनमिठाची भाजी घेऊन आली. आबांनी ती संपवली आणि नंतर मला सांगितलं की पोरगी बोलती तिखट अन् स्वयंपाक करती अळणी. रविवारचा खेळही पुन्हा सुरू झाला. त्या खेड्यातल्या पुजाऱ्याच्या कागदावर क्लासची जागा मात्र मी कोरी ठेवली आहे. दुकानवाला अजून त्यावरून माझं डोकं खातो.

मला चैन नव्हतं. आबा बरे होत होते, गॅलरीपर्यंत चालत होते, आणि मी त्यांच्याकडं बघून एकच विचार करत होतो. त्यांनी तो कौल कशाच्या बळावर उजवा म्हटला? त्यांच्या मनात तिथं कुणी नसेल, तर प्रश्न नाही, मग सगळा आमचा बापलेकांचा अंगठ्याचा कारभार. पण कुणी असेल, तर माझ्यासाठी त्यांनी आपल्या देवाचं न ऐकलेलं उत्तर स्वतः देऊन टाकलं होतं, आणि ते ओझं छातीवरच्या टाक्यांखाली घेऊन ते जगत होते. एका दुपारी आबा गॅलरीत उन्हाला बसले होते, तेव्हा मी विचारलं.

"आबा, मी दाबलं नसतं तर भैरोबानं काय दिलं असतं?"

"तू बोलूच कुठं दिलं त्याला," आबा म्हणाले. रागानं नाही. झालं ते झालं, अशा आवाजात.

"तुम्ही दाबायचात. तुम्ही तरी कुठं बोलू द्यायचात?"

आबांनी माझ्याकडं बघितलं. मला हे माहीत आहे याचं त्यांना आश्चर्य वाटलेलं दिसलं नाही. आश्चर्य वाटलं ते माझ्या प्रश्नाचं. एवढी साधी गोष्ट मला कळली नाही, असं काहीतरी त्यांच्या चेहऱ्यावर होतं.

"म्या त्याला इचारून दाबायचो," ते म्हणाले.

खाली रस्त्यावरून भाजीवाल्याची गाडी ओरडत गेली. आबांनी ऊन डोळ्यांवर येतंय म्हणून खुर्ची सरकवायला सांगितली. मी सरकवली. माझा हात खुर्चीच्या पाठीवर होता, आणि मी माझ्या अंगठ्याकडं बघत होतो. मी कुणालाही विचारलं नव्हतं.